घरच्या साबणाचा पिवळा रंग: हळदीच्या आधी शेंदरी

जेवताना शर्टावर आमटीचा शिंतोडा उडाला तर डाग पिवळा दिसतो, आणि धुताना साबण लावला की तोच डाग लाल होतो. हे प्रत्येक घरात घडतं, तरी घरी साबण करायला बसलेला नवा माणूस पिवळ्या रंगासाठी पहिला हात हळदीच्या डब्यालाच घालतो. मग साच्यात विटकरी रंगाचं मिश्रण पाहून घाबरतो, आणखी हळद घालतो, आणि शेवटी टॉवेल पिवळे करणाऱ्या, हाताला खरखरीत लागणाऱ्या वड्या घेऊन बसतो.

जेवणातला पिवळा, कपड्यावरचा पिवळा आणि साबणातला पिवळा हे तीन वेगळे व्यवहार आहेत. तयार साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल-खाराचं माप, साधारण ९ ते १० असतो, आणि साच्यात ओतलेलं ताजं मिश्रण त्याहून तिखट. त्या खारात जो रंग टिकतो तोच साबणाचा रंग. आपल्या कोकणात असा रंग परसात, कुंपणाला, कधी कधी कुणी विचारत नाही म्हणून गळून वाया जाणारा, असा मिळतो. त्याचं नाव शेंदरी, एका झाडाच्या बियांवरचा रंग. हळद, झेंडू, पळस, आमरस यांचंही पुढे सांगते, पण नव्याने सुरुवात करणाऱ्याने शेंदरीपासूनच करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

हा लेख कॉस्टिक सोडा आणि तेलं वापरून, न शिजवता, थंड पद्धतीने स्वतःच्या घरापुरता साबण करणाऱ्यांसाठी आहे.

१. आधी सामान जमवा

अर्धवट सामानावर सुरुवात करू नका. कॉस्टिकचं पाणी तयार झाल्यावर वजनकाटा शोधत फिरणं धोक्याचं आहे.

- एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा डिजिटल वजनकाटा. चमचे-वाट्यांच्या मापाने साबण होत नाही.
- स्टीलचं खोल पातेलं, आणि कॉस्टिकसाठी स्टीलचं किंवा तळाशी ५ आकडा असलेलं जाड प्लास्टिकचं भांडं.
- रबरी हातमोजे, डोळ्यांवरचा चष्मा, लांब बाह्यांचा जुना शर्ट.
- थर्मामीटर, हँड ब्लेंडर, सिलिकॉनचा उलथना.
- गाळायला मलमलचा फडका किंवा जुना धुतलेला सुती पंचा.
- साचा. सिलिकॉनचा असेल तर उत्तम, लाकडी खोका असेल तर आत बटर पेपर.
- कॉस्टिक सोडा, शुद्धता ९८ टक्क्यांच्या वर.
- डिस्टिल्ड वॉटर.
- वही. हिची गरज पुढे कळेल.

ॲल्युमिनियमचं, म्हणजे आपण ज्याला जर्मलचं म्हणतो ते भांडं, चमचा, झाकण यातलं काहीही जवळ नको. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. कोकणातल्या बऱ्याच घरांत मोठा टोप जर्मलचाच असतो, म्हणून हे आधी सांगितलं. जस्ताचा मुलामा चढवलेली बादलीही तशीच वर्ज्य.

कॉस्टिक घेताना मोरी साफ करायची पुडी उचलू नका. तिच्यात इतर रसायनं, काही वेळा ॲल्युमिनियमचे कण मिसळलेले असतात. रसायनांच्या दुकानातून फक्त सोडियम हायड्रॉक्साइड लिहिलेला डबा घ्या आणि घरी आणल्याबरोबर घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. कॉस्टिक हवेतलं पाणी ओढून घेतो. पावसाळ्यात आपल्याकडे उघडी पिशवी काही तासांत ओलसर होते. अशा ओल्या कॉस्टिकचं वजन केलं तर त्यात पाण्याचं वजन मोजलं जातं आणि साबण कच्चा, तेलकट राहतो.

२. विहिरीचं पाणी बाजूला ठेवा

किनाऱ्याजवळच्या कितीतरी विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, आणि जांभ्याच्या पट्ट्यात पाण्यात लोहाचा अंश असू शकतो. क्षारांमुळे साबण फुटल्यासारखा होतो आणि फेस कमी येतो. लोहाचा त्रास आणखी वेगळा आहे. धातूच्या अंशाने साबणातलं तेल लवकर खवट होतं आणि वडीवर नारिंगी ठिपके येतात. पांढऱ्या साबणावर ते लगेच दिसतात. पिवळ्या साबणावर मात्र ते रंगात लपतात, आणि वास येईपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणूनच पिवळा साबण करणाऱ्याने पाण्याच्या बाबतीत जास्त काटेकोर राहायचं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर पेट्रोल पंपावर किंवा गॅरेजमध्ये मिळतं. बंद बाटली घ्या आणि बाटलीवर फक्त पाणीच आहे ना, ॲसिड नाही ना, हे वाचून घ्या.

३. प्रत्येक रंगाची चुन्यात परीक्षा

ही पायरी सोडायची नाही. पाच रुपयांच्या चुन्यात सगळं साहित्य वाचतं.

खायचा चुना हरभऱ्याएवढा घ्या, काचेच्या पेल्यात पाण्यात कालवा आणि तासभर स्थिर ठेवा. वर जी नितळ निवळी येते तिचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणजे तयार साबणापेक्षा कितीतरी तिखट. ती हलक्या हाताने पांढऱ्या वाट्यांत ओतून घ्या. डोळ्यांत उडू देऊ नका.

एका वाटीत चिमूटभर हळद सोडा. पूड पाण्यावर टेकते, तिच्या कडेने तांबडी रेघ सुटते, ती रेघ खाली उतरत पसरते आणि बघता बघता वाटी कुंकवाच्या रंगाची होते. मी हळदीचा साबण करणार म्हटल्यावर आमच्या शेजारच्या काकी एवढंच म्हणाल्या होत्या, "अगो, हळदीत चुनो पडलो की कुंकू होता, ह्यां तुका कोणी सांगूक नाय?" कुंकू करण्याच्या जुन्या पद्धतीचं सगळं रसायनशास्त्र त्या एका वाक्यात आहे.

दुसऱ्या वाटीत शेंदरीच्या चार-पाच बिया टाकून चमच्याने चोळा. साध्या पाण्यात या बिया फारसा रंग सोडत नाहीत, निवळीत मात्र पिवळा-नारिंगी रंग छान सुटतो आणि पिवळा-नारिंगीच राहतो.

वाट्या दुसऱ्या दिवसापर्यंत तशाच झाकून ठेवा. हळदीच्या वाटीतला लालपणा ओसरलेला दिसेल, कारण हळदीतलं कुरकुमिन खारात नुसता रंग बदलत नाही, हळूहळू तुटतही जातं. शेंदरीची वाटी तशीच असेल.

तेलात काढलेल्या रंगाची परीक्षा करायची तर छोट्या बाटलीत निवळी आणि थोडं रंगीत तेल घालून झाकण लावून जोरात हलवा. फुलं, पानं, मुळं, कोणी सांगितलेला कुठलाही "नैसर्गिक रंग" आधी या निवळीतून जाऊ द्या. कपडा रंगवणाऱ्यांची यादी घेऊन साबणाला बसलात तर निम्म्या गोष्टी तपकिरी होतील.

याच परीक्षेचा आणखी एक उपयोग आहे. जी हळद चुन्यात नीट लाल होत नाही, तिच्यात हळद किती आणि दुसरं काय, ही शंका घ्या. बाजारच्या सुट्या हळदीत मेटॅनिल यलोसारखा रंग किंवा लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार होत आले आहेत, आणि लेड क्रोमेट म्हणजे शिसं. अशी हळद अंगालाही नको आणि पोटातही नको.

४. शेंदरीचं तेल काढा

शेंदरीचं झाड ओळखणं सोपं. हृदयाच्या आकाराची पानं, गुलाबी-पांढरी फुलं, आणि मऊ काट्यांची तांबडी बोंडं झुपक्याने लागतात. बोंड वाळून उकललं की आत बिया, आणि बियांवर बोटाला लागणारा शेंदरी लेप. हाच रंग जगभर लोणी आणि चीजमध्ये घालतात. त्या लेपातल्या मुख्य रंगद्रव्याला बिक्सिन म्हणतात. ते तेलात विरघळतं, आणि खारात गेलं की त्याचं नॉरबिक्सिन होतं, तेही पिवळं-नारिंगीच. चीजसाठी पाण्यात मिसळणारा रंग कारखान्यात या बियांपासून खार वापरूनच काढतात. म्हणजे कॉस्टिकची शेंदरीला सवय आहे.

बोंडं झाडावरच वाळू द्या. ओली काढून पिशवीत ठेवलीत तर बुरशी धरते. झाड नसेल तर रोपवाटिकेत रोप मिळतं आणि कुंपणाला चांगलं वाढतं. तोवर बिया जडीबुटीच्या दुकानातून किंवा ऑनलाइन मागवता येतात. घेताना रंग पाहा. लेप तपकिरी, मातकट झालेला असेल तर माल जुना आहे.

कृती अशी:

१५ ग्रॅम बिया आणि १०० ग्रॅम राइस ब्रॅन तेल काचेच्या कोरड्या बरणीत घ्या. बिया मिक्सरमधून काढायच्या नाहीत. रंग वरच्या लेपात असतो, बी फोडून नुसता गाळ वाढतो. पातेल्यात पाणी गरम करून, तळाशी फडका घालून, त्यात ही बरणी ठेवा. गॅस मंद. पाण्याला उकळी फुटू द्यायची नाही, तेल ६० ते ७० अंशांच्या आसपास राहिलं पाहिजे. तास-दीड तासात तेल गडद तांबूस होतं. थंड झाल्यावर पंच्यातून गाळा.

इथे घाई केली की घात होतो. बिया थेट कढईत तेलात तळल्या तर बिक्सिन जळतं, तेलाला तपकिरी झाक येते, आणि ती साबणात उतरते. उन्हात बरणी ठेवून रंग काढायची पद्धतही अनेक जण सांगतात. शेंदरीच्या बाबतीत मी ती सांगणार नाही, कारण हा रंग खाराला भीत नसला तरी उजेडाला भितो. वेळ असेल तर बरणी अंधाऱ्या कपाटात तीन-चार आठवडे ठेवा आणि अधूनमधून हलवा. तेही चालतं.

गाळलेलं तेल गडद बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि सहा महिन्यांत संपवा. बाटलीवर तारीख घाला.

या तेलाचं प्रमाण, एकूण ५०० ग्रॅम तेलाच्या साबणाला: ५ ग्रॅमने फिकट लोणीपिवळा, १५ ग्रॅमच्या आसपास ठसठशीत पिवळा, ४० ग्रॅमच्या पुढे नारिंगी. बियांच्या ताजेपणाप्रमाणे हे थोडं मागेपुढे होतं. पिवळाच हवा असेल तर हात आखडता ठेवा. शेंदरीत चूक नेहमी जास्तीच्या बाजूने होते आणि जास्त झालं की फेसही रंगीत येतो.

५. हळद घालायचीच असेल तर

हळदीचा साबण वाईट नसतो. त्याचा पिवळा वेगळा असतो आणि तो कसा वागणार हे आधी माहीत हवं.

मिश्रणात पडल्यावर हळद विटकरी होते. साच्यातून काढताना वडी नारिंगी-तांबूस दिसते. पुढच्या काही आठवड्यांत साबण मुरत जातो तशी ती गडद मोहरीच्या पिवळ्याकडे येते. घाबरून वर आणखी हळद घालायची नाही, हा सगळ्यात मोठा सापळा. काही महिन्यांनी, विशेषतः खिडकीपाशी ठेवलेली वडी, फिकट होत जाते.

५०० ग्रॅम तेलाला पाव लहान चमचा हळद पुरे. कोरडी पूड थेट मिश्रणात टाकली तर ठिपके पडतात. चमचाभर तेलात ती आधी गुठळी न ठेवता कालवून घ्या. त्याहून चांगला मार्ग म्हणजे शेंदरीसारखंच मंद आचेवर हळदीचं तेल काढून, दोनदा गाळून, फक्त तेल वापरायचं. खरखर लागत नाही. पूड शक्यतो घरच्या हळकुंडांची, वस्त्रगाळ. पातोळ्यांच्या पानांसाठी परसात हळद लावलेली असतेच, तीच खणून, उकडून, वाळवून घ्या.

हळद आणि शेंदरी एकत्रही चांगली जमतात. शेंदरी पाया धरते आणि हळद त्यात थोडी ऊब भरते. हळद उतरली तरी वडी पिवळीच राहते.

६. बाकीचे पिवळे

झेंडू: पाकळ्यांत ल्युटिन असतं आणि ते खार सोसतं. औद्योगिक ल्युटिन काढताना झेंडूच्या अर्कावर खाराचीच प्रक्रिया करतात. पाकळ्या सावलीत कडकडीत वाळवा, हिरवा देठ पूर्ण काढा, आणि बुडेपर्यंत तेल घालून वर सांगितल्याप्रमाणे मंद आचेवर ठेवा. या तेलाने कोवळा, लिंबाकडे झुकणारा पिवळा येतो. पण चमचाभर तेलाने भागत नाही, साबणातलं निम्मं तरी तेल झेंडूचं लागतं. दसरा-दिवाळीनंतर दारावरच्या तोरणांची फुलं वापरायचा मोह होतो. ती धुळीची असतात आणि बाजारच्या झेंडूवर औषधं फवारलेली असतात, तेव्हा परसातलीच घ्या. पाकळी ओलसर असेल तर तेल खराब होतं, म्हणून आश्विनातला पाऊस पूर्ण थांबल्याशिवाय हे काम काढू नका.

पळस: फाल्गुनात फुलं मिळतात, उकळून सुंदर पिवळा-केशरी काढा होतो, आणि रंगपंचमीला तो वापरतातही. त्यात चुना पडला की तो गडद नारिंगीकडे जातो. निखळ पिवळ्यासाठी पळस नाही.

आमरस: मे महिन्यात हा प्रश्न कोकणातल्या प्रत्येक साबण करणाऱ्याला पडतो. रसाचा ताटातला रंग साबणात उतरत नाही. फिकट, मलईकडे जाणारा पिवळा येतो आणि तोही हळूहळू उतरतो. शिवाय रसातल्या साखरेने मिश्रण तापतं. जास्त घातला तर साच्यात मध्यभागी फुगून चीर पडते, कधी वर येऊन सांडतं. ५०० ग्रॅम तेलाला एक मोठा चमचा, गाळलेला, आणि तेवढं पाणी कॉस्टिकच्या पाण्यातून कमी करून घाला. हापूस वापरण्याची गरज नाही. तो खा. साबणाला रायवळ चालतो.

लाल भोपळा: आमरसापेक्षा रंग जास्त धरतो. उकडून, गाळून, त्याच प्रमाणात.

मुलतानी माती: पिवळ्यापेक्षा बिस्किटी. एकटी घालू नका, शेंदरीच्या जोडीला चमचाभर चालते.

भिंतीला लावायची पिवडी मात्र कधीच नको. रंगाच्या दुकानातली पिवडी अंगाला लावण्यासाठी तपासलेली नसते, तिच्यात जड धातू असू शकतात.

७. पाया फिकट तेलांचा धरा

रंग कितीही चांगला काढला तरी खालचं तेल गडद असेल तर पिवळा दिसणार नाही. करंजाचं आणि उंडीचं तेल आपल्याकडचं, औषधी म्हणून मानाचं, पण करंज तपकिरीकडे नेतं आणि उंडी हिरवट करते. कडुनिंबाचं तेलही तसंच. पिवळ्या साबणात ही तेलं नकोत.

माझं प्रमाण, एकूण ५०० ग्रॅम तेलाचं:

- खोबरेल २०० ग्रॅम
- राइस ब्रॅन २०० ग्रॅम (शेंदरीचं तेल यातूनच वजा करून धरा)
- कोकमतेल ७५ ग्रॅम
- एरंडेल २५ ग्रॅम
- कॉस्टिक ७१ ग्रॅम
- डिस्टिल्ड वॉटर १६५ ग्रॅम

यात पाच-सात टक्के तेल मोकळं राहतं, त्याने त्वचा कोरडी पडत नाही. यातलं एक जरी तेल बदललं तरी कॉस्टिकचं वजन बदलतं. प्रत्येक तेलाला लागणारा कॉस्टिक वेगळा असतो, म्हणून इंटरनेटवरच्या लाय कॅल्क्युलेटरमध्ये (लाय म्हणजे कॉस्टिक) आकडे घालून पुन्हा काढा. माझेही आकडे एकदा त्यात घालून ताडून पाहा.

कोकमतेल म्हणजे रातांब्याच्या बियांचं, घरोघरी मुठीत वळून ठेवतात ते. त्याने वडी टणक होते. गावठी मुठेलात बियांचा चुरा आणि करडी झाक असते, तेव्हा वितळवून फडक्यातून गाळल्याशिवाय घालू नका.

८. मिश्रण करा आणि रंग वेळेवर घाला

पडवीत किंवा अंगणात, वारं पाठीशी घेऊन, मुलं आणि मांजरं घरात ठेवून बसा.

कॉस्टिक पाण्यात घालायचा, थोडा थोडा, ढवळत. पाणी कॉस्टिकवर कधीही ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. पाणी एकदम कढत होतं आणि वाफ उठते, त्या वाफेवर तोंड नेऊ नका. अंगावर उडालं तर भरपूर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरा. व्हिनेगर किंवा लिंबू चोळू नका. डोळ्यात गेलं तर लगेच तितकाच वेळ वाहत्या पाण्याने डोळा धुवा आणि मग थेट डॉक्टरकडे.

तेलं एकत्र करून वितळवा. शेंदरीचं तेल आत्ताच, इतर तेलांबरोबर घाला. ते तेलातच विरघळलेलं असल्याने सगळीकडे सारखं पसरतं आणि रंग किती आला याचा अंदाज लागतो. तेल आणि कॉस्टिकचं पाणी दोन्ही ४० ते ४५ अंशांवर आलं की एकत्र करा. याहून थंड तेलात कोकम पुन्हा गोठायला लागतं आणि मिश्रण घट्ट झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात साबण झालेला नसतो, आणि ओतल्यावर पाणी वेगळं निघतं.

ब्लेंडर पाच-दहा सेकंद फिरवा, मग बंद ठेवून त्यानेच ढवळा, पुन्हा फिरवा. मिश्रण पातळ पिठल्याएवढं दाट झालं, ब्लेंडरवरून पडलेली धार वर क्षणभर रेघ ठेवू लागली, की ट्रेस आला. हळदीचं कालवण, आमरस, भोपळा या वेळी घाला.

ओतताना दिसणारा रंग शेवटचा नसतो. ब्लेंडरने आत गेलेल्या हवेमुळे तो फिकट दिसतो. त्यावर विसंबून शेंदरी वाढवू नका.

पहिल्यांदाच करत असाल तर एक मोठी वडी करण्याऐवजी हे मिश्रण चार कागदी पेल्यांत वाटून घ्या. मूळ तेलात रंग घालायचा नाही. एक पेला बिनरंगाचा, एकात थोडं शेंदरी तेल, एकात जास्त, एकात चिमूटभर हळद. पेल्यावर पेनने लिहा, वहीत वजनं टिपा. वडी झाल्यावर प्रत्येकीचे दोन तुकडे करा. एक खिडकीत, एक बंद कपाटात. महिन्याभराने ते शेजारी ठेवून बघा. कुठला रंग उजेडात किती उतरतो हे तुमच्या हातात येतं, आणि पुढे कुणाला विचारावं लागत नाही.

९. साच्यातली ऊब

साच्यात साबण आपोआप तापतो. पूर्ण तापला तर तो मधून पारदर्शकसर होतो आणि रंग गडद, उठावदार येतो. तापला नाही तर रंग फिकट आणि मऊ दिसतो. दोन्ही साबण चांगलेच. त्रास होतो तो अर्धवट तापल्यावर, कारण मग वडीच्या मध्यभागी गडद गोल आणि कडेने फिकट पट्टा राहतो. पिवळ्यात हा गोल फार उठून दिसतो. थंडीत साचा टॉवेलने गुंडाळा. एप्रिल-मेमध्ये गुंडाळू नका, आणि आमरस घातला असेल तर पंख्याखालीच ठेवा.

एक ते दोन दिवसांनी, वडी घट्ट झाली की हातमोजे घालून काढा आणि कापा.

१०. मुरवणं

चार ते सहा आठवडे. पाणी उडून जातं, वडी कडक होते, साबण सौम्य होतो. बाकीच्या महाराष्ट्रात हे सोपं आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत एवढं पाणी असतं की वडीवर थेंब जमतात. साबणात तयार झालेलं ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं म्हणून हे होतं. साबण बिघडलेला नसतो, पण तसाच ओला राहिला तर मऊ पडतो.

म्हणून नोव्हेंबर ते एप्रिल हा साबण करण्याचा हंगाम धरा. शेवटची खेप अशी करा की मिरग लागण्याआधी ती मुरून डब्यात गेली पाहिजे. पावसात करायचाच असेल तर बंद खोलीत पंख्याखाली ठेवा आणि दोन आठवडे जास्त द्या.

वड्या सुपात किंवा रोवळीत बटर पेपर घालून, एकमेकींना न लावता ठेवा. लोखंडी जाळी नको. उन्हात वाळवू नका. वड्या लवकर सुकाव्यात म्हणून उन्हात घालतात आणि इतक्या कष्टाने काढलेला पिवळा तिथेच जातो. स्वयंपाकघरातही नको, मसाल्याचा आणि सुक्या मासळीचा वास साबण धरतो.

११. वास रंगाला मारक नको

व्हॅनिलासारख्या गोड सुगंधांत व्हॅनिलिन असतं आणि ते साबण तपकिरी करतं. पिवळा गेलाच म्हणून समजा. लवंगेचं तेल मिश्रण इतक्या झपाट्याने घट्ट करतं की ओतायला वेळ मिळत नाही. पिवळ्या साबणाला मी गवती चहाचं तेल वापरते. त्याचा स्वतःचाच रंग पिवळसर असतो. वरच्या प्रमाणाला ८ ग्रॅमपेक्षा जास्त नको, संवेदनशील त्वचेला ते झोंबतं. लहान मुलांच्या साबणात वासच घालू नका.

१२. वापरण्याआधी आणि देण्याआधी

मुरलेल्या वडीचा फेस कोपराच्या आतल्या बाजूला लावून धुवा आणि एक दिवस थांबा. खाज, लाली नसेल तर वापरा. "नैसर्गिक" म्हणजे निर्धोक असं नाही, झेंडूचीही काहींना ॲलर्जी असते. पांढऱ्या रुमालावर फेस घासून पाहा. रुमाल पिवळा झाला तर रंगाचं प्रमाण पुढच्या वेळी निम्मं करा.

घरात वापरायला, शेजारी-पाजारी द्यायला अडचण नाही. विकणार असाल तर गोष्ट वेगळी. अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात येतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम २०२० यांनुसार उत्पादनासाठी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. होमस्टेच्या पाहुण्यांना पैसे घेऊन देणं किंवा जत्रेत स्टॉल लावणं हीसुद्धा विक्रीच आहे. परवान्याची चौकशी जिल्ह्याच्या कार्यालयात आधी करा, लेबलं नंतर छापा.

नुसत्या भेट दिलेल्या वडीवरही चिठ्ठी लावा: तेलांची नावं, रंगाचं नाव, वास कशाचा, आणि केल्याची तारीख.